वामीचं आमिष

पिस्कॅटवेच्या त्या भाड्याच्या घरात कपडे धुण्याच्या मशीनशेजारी एक पांढरी बादली असे. तिच्या झाकणाला भोकं पाडलेली होती आणि त्यातल्या एका भोकातून हवेची बारीक नळी आत गेलेली होती. नळीच्या दुसऱ्या टोकाचा पंप दिवसभर घुरघुरत राही आणि बादलीत पाणी बुडबुडत राही. या दोन आवाजांत मधूनच तिसरा आवाज मिसळे. आतली एखादी वाम अंग वळवून बादलीवर आपटे, कुणी ओल्या हातानं दार वाजवावं तशी. नागपूरहून आलेल्या मला त्या परक्या देशाचा पहिला आवाज कोणता आठवतो म्हणून विचाराल तर हाच. रस्त्यांवर माणसं नव्हती, भाजीवाले नव्हते, शेजारच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या येत नव्हत्या. आत खोलीत झोपून मी ती थपथप ऐकत असे. बाबांना याची सवय कशी झाली असेल, असा विचार मनात येई.

वामी म्हणजे आमिष होतं. शरद ऋतूत पट्टेवाले बास मासे किनाऱ्याजवळून दक्षिणेकडे सरकतात, आणि त्यातल्या मोठ्यांना जिवंत वाम फार आवडते. इथले लोक त्या माशाला स्ट्रायपर म्हणतात. आमिषाच्या दुकानातून बाबा दर शुक्रवारी डझनभर वामी आणत. सापासारख्या, पेन्सिलीपेक्षा जाड, हातभर लांब, काळसर हिरव्या पाठीच्या आणि पिवळट पोटाच्या. पहिल्यांदा आईनं झाकण उघडलं तेव्हा ती किंचाळेल असं बाबांना वाटलं असावं, कारण ते दारातच उभे राहिले होते. माझ्या आईचं माहेर वैनगंगेकाठचं. ती खाली वाकली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही तर वाम आहे. काय करून राहिले तुम्ही हिचं?"

"आमिष. मोठा मासा पकडायला."

"म्हणजे वाम टाकायची नि दुसरा मासा आणायचा?"

बाबांनी मान हलवली. आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी धान पेरून गवत कापायचं म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी तिनं दोन वामी काढल्या. राख नव्हती म्हणून मीठ चोळून त्यांचा चिकटा काढला, तुकडे केले, खसखस, सुकं खोबरं नि लसूण भाजून वाटलं आणि असा झणझणीत रस्सा केला की स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म वाजत सुटला. बाबा खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालत होते. भात कालवताना त्यांच्या नाकातून पाणी येत होतं. ते काही बोलले नाहीत, पण तिसऱ्यांदा भात वाढून घेतला.

न बोलणं हा त्यांचा स्वभाव आहे की सवय, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. मी आठ वर्षांची असताना ते एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट म्हणून इकडे आले आणि मी चौदाची झाल्यावर आम्ही दोघी आलो. सुरुवातीच्या दोन वर्षांत ते दोनदा घरी येऊन गेले होते, नंतर नाहीच, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांच्या गर्दीत मला मिळाले ते चॉकलेटच्या डब्याएवढेच. फोनवर आवाज येई, त्यामागे खरखर येई आणि त्यांचा "अभ्यास कर" येई. त्यांना मी "तुम्ही" म्हणत असे. माझ्या मैत्रिणी आपापल्या बापाला "ए बाबा" म्हणत, पण माझ्या जिभेवर ते येईना. घरात त्यांच्या एकटेपणाच्या खुणा जागोजागी होत्या. जेवणाच्या टेबलाची एकच खुर्ची झिजलेली होती. ते पुष्कळदा सिंकपाशी उभ्यानं जेवत, आणि आमचं अर्धं जेवण व्हायच्या आत आपलं ताट धुऊन पालथं घालत. आई एकदा म्हणाली, "अहो, बसा की. ताट कुठं पळून जात नाही." ते बसले. पण रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना.

रविवारी सकाळी आई बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणे. बाबा मागे हात जोडून उभे राहत. तिथून चार पावलांवर बादली घुरघुरत असे. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची शिकवण मी घेत आहे, हे म्हणताना माझं लक्ष त्या आवाजाकडे जाई. एकदा मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मासे मी खाते, तर मी कोणत्या तोंडानं त्यांना बोलू? पण विचार तू त्यांनाच. तेवढंच बोलणं होईल."

म्हणून मी विचारायला गेले, आणि तेच आमचं पहिलं खरं बोलणं ठरलं. ते गॅरेजमध्ये दोऱ्या बांधत बसले होते. मी विचारलं, "बाबा, हूक लावताना तिला दुखतं का?"

आपण लहान मुलांना सांगतो तसं "नाही गं" म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. "दुखत असेल," ते म्हणाले.

"मग?"

"मग पटकन करायचं. आणि उगाच करायचं नाही." दोरी पुन्हा उचलून म्हणाले, "शिकायचंय?"

मी हो म्हटलं. मासेमारीची हौस मला नव्हती. या माणसाजवळ बसायला काहीतरी काम हवं होतं. त्यांनी शिकवलं ते असं. खोक्यात तळाला बर्फ, त्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटावर वामी. थंडीनं त्या सुस्त होतात आणि हातात वळवळत नाहीत. उघड्या हातानं धरायचं म्हटलं तर ती साबणासारखी निसटते, म्हणून चिंधी घ्यायची आणि डोक्याच्या जरा मागे धरायचं. "दाबू नका," ते म्हणाले आणि लगेच स्वतःला दुरुस्त केलं, "दाबू नकोस." हूक खालच्या जबड्यातून वर घालायचा आणि डोळ्याच्या पुढून बाहेर काढायचा. म्हणजे ती जिवंत राहते आणि पुढे तोंड करून पोहते. दोरी कधीही सैल सोडायची नाही. सैल सुटली की वाम दोरीभोवती वेटोळं घालते आणि स्वतःलाच गाठ मारून बसते. अशा गाठी मी पुष्कळ सोडवल्या. पहिली वाम माझ्या मनगटाला गुंडाळली गेली, तेव्हा मी ओरडले नाही म्हणून बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याला हसू म्हणता येईल.

(आता इथे नियम बदलले आहेत. जिवंत आमिषाला टोक आत वळलेला गोल हूकच लावावा लागतो, म्हणजे तो माशाच्या पोटात न अडकता ओठात अडकतो. माझी मुलगी हे ऐकून म्हणाली, "दॅट्स गुड, आई." गुडच आहे. बाबांना तो आवडला असता.)

होडी त्यांनी शेजारच्या सॅलकडून घेतली होती. सॅल हा एकटा म्हातारा. त्याची बायको वारलेली होती, गुडघे गेले होते. बाबा आले तेव्हा त्यानंच त्यांना या नादाला लावलं होतं. आईच्या आग्रहामुळे मी त्याला सॅल काका म्हणत असे, आणि काका हे आपलं आडनाव झाल्यासारखं त्याला वाटे. मला होडीत न्यायचं ठरलं तेव्हा आईनं एकच अट घातली, की मी जीवरक्षक जाकीट घालून बसेन आणि किनाऱ्यावर पाय टेकेपर्यंत काढणार नाही. सॅल काकानं स्वतःची अट घातली. त्यानं मला होडीतल्या रेडिओसमोर बसवून, काय बोलायचं ते पाठ होईपर्यंत म्हणून घेतलं. बाबांना कुणी अट घातली नाही. त्यांचं जाकीट बाकाखाली पडून असे.

दोन शरद ऋतू आम्ही असे गेलो. उजाडायच्या सुमाराला रॅरिटनच्या उपसागरातून सँडी हूक नावाच्या वाळूच्या भूशिराच्या टोकाकडे जायचं. तिथं भरतीचं पाणी उथळावरून घासत जातं आणि वर पाण्याला सुरकुत्या पडतात. सुरकुत्यांच्या वरच्या अंगाला जाऊन बाबा इंजिन बंद करत आणि होडी प्रवाहावर सोडून देत. मग एकदम शांतता. वाम पाण्यात सोडायची, वजनाची गोळी तळाला टेकू द्यायची, दोरी ताठ ठेवायची आणि पाण्याबरोबर वाहत जायचं. दोरीवर बोट ठेवलं की वामीचं पोहणं कळतं, एकसारखी बारीक थरथर. मोठा मासा जवळ आला की ती थरथर घाईची होते. मग एक ठोसा बसतो. त्याक्षणी ओढायचं नाही. गळाच्या काठीचं टोक खाली करायचं, माशाला तोंडात घेऊन वळू द्यायचं आणि मग सावकाश दोरी गुंडाळत ताणायची. मासा लागो न लागो, सुरकुत्या संपल्या की पुन्हा इंजिन चालू करून वर जायचं आणि पुन्हा वाहत यायचं. या वाहण्यात आम्ही फारसं बोलत नसू. थर्मासमधला चहा आणि आईनं दिलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खात असू. पण ते न बोलणं घरातल्यासारखं नव्हतं.

मी सतराची होते. ऑक्टोबर सरत आला होता, आकाश कोरडं आणि वारा बेताचा. माझ्या दोरीवर तो ठोसा बसला आणि मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. मासा इतका जड होता की गळाची काठी पोटाशी टेकवून मी मागे झुकले होते. बाबा कधी नव्हे ते बोलत होते, "हळू, हळू, जाऊ दे त्याला, आता घे." मासा वर आला. रुंद, चांदीसारखा, अंगावर काळ्या रेघा ओढलेला. बाबा जाळं घेऊन होडीच्या कडेवरून खाली वाकले. लांबून गेलेल्या एका मोठ्या जहाजाच्या लाटा नेमक्या तेव्हा आमच्यापर्यंत पोचल्या. होडी एका बाजूला कलली आणि बाबा जाळ्यासकट पाण्यात गेले. आवाजसुद्धा फार झाला नाही.

गळ माझ्या हातातून सुटला तो सुटलाच. बाबा वर आले तेव्हा होडीपासून दोन-तीन हात लांब होते आणि त्यांचा चेहरा माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. तोंड उघडं, श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. मी बाकाखालचं जाकीट फेकलं, मग दोरी फेकली. दुसऱ्या खेपेला दोरी त्यांच्या हाती आली. ओढून मी त्यांना होडीच्या कडेला आणलं. होडीला शिडी नव्हती. त्यांनी इंजिनावर पाय ठेवून चढायचा प्रयत्न केला, मी काखेत हात घालून ओढलं, पण ओल्या जाड कोटासकट ते जेमतेम छातीपर्यंत वर येत आणि पुन्हा खाली जात. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "सोड. तू पण पडशील. दोरी दे." गारठलेल्या बोटांनी त्यांनी दोरी स्वतःच्या काखेखालून घेतली, मी तिचं टोक होडीच्या खुंट्याला बांधलं आणि रेडिओ उचलला. काय बोलायचं ते पाठ होतं. "मे डे" तीनदा, होडीचं नाव, जवळच्या तरंगत्या बोयाचा नंबर, एक माणूस पाण्यात. माझा आवाज मला परका वाटला. एका माणसानं शांतपणे तेच सगळं परत म्हणून दाखवलं आणि सांगितलं, मदत निघाली आहे, त्याला बोलतं ठेव.

मी पालथी पडले, त्यांची कॉलर दोन्ही मुठींत धरली. आमचे चेहरे वीतभर अंतरावर होते. इतक्या जवळून मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचे दात वाजत होते.

"बाबा, बोल ना," मी म्हणाले. "बाबा, काहीतरी बोल. ए बाबा!"

"बोलतो."

"ऑफिसात काय झालं काल?"

"काही नाही. सॅम्पल... फेल गेलं." त्यांचे डोळे मिटायला लागले.

काय विचारावं मला सुचेना. साधे प्रश्न संपले होते. मग सहा वर्षं नागपुरात आणि तीन वर्षं इथे जो प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, तो तोंडातून निघाला. "आम्हाला इतकी वर्षं का नाही बोलावलंस?"

डोळे उघडले. "कागद... व्हिसाचे कागद."

"कागद सोड. खरं सांग."

त्यांची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, गेले. मी कॉलर हलवली.

"सवय झाली होती," ते म्हणाले. एकेक शब्द दातांतून सुटत होता. "एकट्याची. वाटायचं, तुम्ही याल. मग मला... जमेल का. बाप व्हायला. विसरलो असेन."

"मग?"

"मग तुम्ही आलात."

त्यानंतर त्यांनी डोकं होडीला टेकवलं. माझ्या मुठी बधिर झाल्या होत्या, त्या उघडतात की काय या भीतीनं मी स्टीलच्या कडीत कोपर अडकवून घेतलं. मला राग आला नाही. त्या वेळी रागाला जागाच नव्हती. आपल्यातच काही खोट असेल, असं जे मला सहा वर्षं वाटत आलं होतं, ते एका घाबरट माणसाची भीती निघालं होतं, आणि तो माणूस माझ्या हातात होता, भिजलेला, जड. "ए बाबा, झोपू नकोस," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

रेडिओ ऐकून आलेली पहिली होडी बचावपथकाची नव्हती. तिच्यात आमच्यासारखेच मासे धरायला आलेले नवरा-बायको होते, दोघं साठीच्या पुढचे. त्या बाईनं आधी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वुई हॅव हिम, हनी. लेट गो." मला ऐकू येत होतं, पण मुठी सुटत नव्हत्या. तिनं माझी बोटं एकेक करून उघडली. दोघांनी त्यांच्या रुंद होडीच्या शिडीवरून बाबांना वर घेतलं, ओला कोट काढला आणि दोन स्लीपिंग बॅगांमध्ये गुंडाळलं. पाठोपाठ बचावपथकाची नाव आली.

इस्पितळात बाबा गरम हवेच्या फुगीर पांघरुणाखाली होते. सॅल काका आईला गाडीतून घेऊन आला. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. माणूस बुडता बुडता वाचल्याचा फोन आल्यावर तिनं आधी वरणभात डब्यात भरला होता. तिनं बाबांच्या कपाळाला हात लावला, पायांना लावला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जिवंत आहेत ना? चल, तू खा आधी." मला चमचा धरता येईना, तेव्हा तिनं हातानं भरवलं. बाबा ते पाहत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मलाही दे." नर्सनं नको म्हटलं होतं, तरी आईनं दोन घास दिले.

काय बोलणं झालं ते मी आईला सांगितलं नाही. बाबांनीही कधी विषय काढला नाही. जगण्यात फरक पडला तो एवढाच, की मी त्यांना "तू" म्हणू लागले, आणि ते आमचं जेवण होईपर्यंत टेबलाशी बसू लागले. पुढच्या वसंतात त्यांनी होडीला शिडी बसवली आणि स्वतःचं जाकीट किनाऱ्यावरच अंगात घालू लागले. मी आणखी एक हंगाम त्यांच्याबरोबर गेले. मग कॉलेजसाठी स्टेट कॉलेज नावाच्या गावाला गेले, तिथं खाडी नव्हती. ते म्हातारे होईपर्यंत वामी लावत राहिले. गेले तेही घरात, लांबलेल्या आजारपणानंतर, आईच्या हातचं पाणी पिऊन.

आई आता माझ्याकडे असते. ऐंशी केव्हाच ओलांडली. या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. बाहेर बर्फ होतं. का कुणास ठाऊक, पण मी तिला ते पाण्यातलं बोलणं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. ती पानं खुडत राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं?"

"ते काय सांगतात! कागद वर्षभर आधीच झाले होते. दर फोनला म्हणायचे, थंडी जाऊ दे, मोठं घर बघू दे, पुढच्या वर्षी. मग मीच तुझ्या मामाला सांगितलं, तिकिटं काढ. आणि यांना फोन केला, जयभीम, अमक्या दिवशी येऊन राहिलो, घ्यायला या."

"मला वाटायचं, बाबांनीच बोलावलं."

"तसंच सांगितलं होतं तुला." तिनं काड्या एका बाजूला सारल्या. "विमानात सगळा वेळ मला एकच घोर होता. येतील की नाही. पण विमानतळावर आलेले होते. तू मागं बॅगांजवळ होतीस. यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली, म्हणाले, पोरीला थंडी वाजेल. आत लाल स्वेटर."

"मला नाही आठवत लाल स्वेटर."

"मी दाखवलाच नाही. आठ वर्षांच्या पोरीच्या मापाचा होता."

"फोटो पाठवायचीस ना तू?"

"फोटोत उंची कळते काय?" आई म्हणाली. तिचे हात थांबले होते. "तू बॅग ओढत आलीस नि आमच्यासमोर उभी राहिलीस. आणि ते तुझ्या डोक्यावरून मागं पाहून राहिले. एवढ्या गर्दीत, कुणीतरी लहान यायचं बाकी आहे, असं. मी त्यांची बाही ओढली. म्हटलं, अहो, हीच."